जोडायची की खोलायची?

आमच्या घरी एक स्पोर्ट्स कार आहे असं मी फर्स्ट इयरला हॉस्टेलवर सांगितलं होतं, तेव्हा रूममधल्या चौघींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अंबानींची नात! मग फोटो दाखवला. संत्र्याच्या बागेकडे तोंड करून टिनाच्या शेडमध्ये उभी असलेली, चारही टायर बसलेली, बोनेटवर कोंबडी बसलेली प्रीमियर पद्मिनी. हसून हसून सगळ्या बेजार.

पण मी अगदीच थाप मारली नव्हती हं. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. आणि फेरारीचा अर्धा हिस्सा १९६९ साली फियाटनेच विकत घेतला. म्हणजे नात्याने आमची गाडी फेरारीची मावशीच झाली की नाही? शिवाय मारुती यायच्या आधी मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर ज्या रेसेस व्हायच्या, त्यात याच फियाट पळायच्या. त्या काळी आपल्या देशात स्पोर्ट्स कार म्हणून जे काही होतं, ते हेच. असो. हॉस्टेलवर तिचं नाव 'फेरारी' पडलं ते पडलंच.

या फेरारीचं काय करायचं, हा प्रश्न या वर्षी आमच्या घरात उभा राहिला. आणि मी मेकॅनिकलला आहे या एकाच गुन्ह्यासाठी तो माझ्या गळ्यात आला.

आधी थोडं गाडीविषयी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही आपल्या देशात बनायला पाहिजेत हा त्या माणसाचा ध्यास. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकापासून फियाटच्या गाड्या बनू लागल्या, १९६४ पासून ११०० डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. पुढे २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत गाडीचा मूळ साचा जवळजवळ तोच राहिला. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ताकद म्हणाल तर चाळीसेक घोडे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर.

आमची गाडी १९८६ ची. आबाजी म्हणजे माझे आजोबा, गुरुकुंज मोझरीत डॉक्टर होते. रात्री-बेरात्री आसपासच्या खेड्यांतून कोणाचा निरोप आला की ते याच गाडीने निघत. पेशंट अमरावतीला न्यायचा असेल तर मागच्या सीटवर आडवा घालून नेत. नागपूर-अमरावती रोड आजच्यासारखा गुळगुळीत नव्हता तेव्हा. तिवसा ते नांदगावपेठच्या मधे त्या मागच्या सीटवर दोन बाळं जन्माला आली, असं आजी सांगते. त्यातला एक आज आमच्याच गावात कृषी केंद्र चालवतो आणि भेटला की गंमतीनं म्हणतो, "माहं जन्मस्थान तुमच्या शेडात पडून हाये." राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवात लाखोंची गर्दी मोझरीत उतरते, त्या दिवसांत आबाजींची गाडी औषधांच्या खोक्यांनी भरलेली असायची.

२०१० साली आबाजींचे डोळे अधू झाले आणि गाडी शेडमध्ये लागली. २०१४ साली ते गेले. गाडी तिथेच राहिली.

या वर्षी बाबांनी ट्रॅक्टर घेतला आणि ट्रॅक्टरला सावली पाहिजे. पुण्याचे काका फोनवर म्हणाले, "गाडी विकायची नाही. रिस्टोअर करू. हेरिटेज आहे ती." अकोल्याची आत्या म्हणाली, "तुम्ही दोघं भाऊ ठरवा, मला मधे ओढू नका." आणि भंगारवाला तर महिन्यातून एकदा फाटकाशी येऊन सायकलची घंटी वाजवूनच जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. शेवटी बाबा मला म्हणाले, "तू तं मेकॅनिकलची ना वो, तूच पाहून सांग आता. तू म्हनशीन ते करू."

बाप रे! सबमिशन आणि व्हायवा वेगळे आणि हे वेगळं. व्हायवात चुकलं तर सर दोन मार्क कापतात. इथे चुकीचं सांगितलं तर दोन भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद होतील.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावातल्या जुन्या मिस्त्रींना घेऊन शेडात शिरले. आबाजींच्या वेळेपासून या गाडीचं काम त्यांच्याकडे. आम्ही दोन दिवस गाडी तपासली. जे पाहिलं ते सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असं काहीतरी उभं असेलच. गाडी नाही तर राजदूत, नाही तर बजाज चेतक.

पहिलं इंजिन. पंधरा वर्षं बंद असलेलं इंजिन कधीही सरळ सेल्फ मारून चालू करू नये. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, जोर लावला की काहीतरी तुटतंच. मिस्त्रींनी चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून हळू जोर दिला. हललं नाही. पुन्हा तेल, पुन्हा वाट. दुपारी चार वाजता पाना जरासा सरकला आणि मग पूर्ण चक्कर! मिस्त्रींनी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दाब पाहिला, एक-एक सिलिंडर. तीन चांगले, एक जरा कमी. गिअरबॉक्समध्येही चारही गिअर पडले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. काकांना लगेच फोन करावासा वाटला. मिस्त्री मात्र गाडीखाली सरकले होते.

दुसरी बॉडी. इथे जरा अभ्यासाचं बोलू. ट्रकला खाली वेगळी चेसिस असते. वरची बॉडी सडली तरी चेसिस शाबूत असली की ट्रक उभा राहतो. पद्मिनीला तशी वेगळी चेसिस नाही. ती मोनोकॉक आहे, म्हणजे फरशी, दारांखालच्या पेट्या, खांब आणि छत हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा. आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला बंद पेटीचा सेक्शन पिळाला किती दाद देतो ते शिकतो ना? दारांखालची पेटी नेमकं तेच काम करते. त्या पेटीत पाणी साचलं की ती आतून गंजते. बाहेरून रंग झकास दिसतो आणि आत पापड झालेला असतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे जोड फुगतात आणि वेल्डिंगचे टाके उसवतात.

मिस्त्रींनी माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हणाले, "टोच." मी टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. डावीकडची पेटी संपलेली, उजवीकडची अर्धी. ड्रायव्हरच्या पायाखालची फरशी म्हणजे नुसतं रबराचं मॅट. खाली मोझरीची काळी माती दिसत होती. मग त्यांनी एक साधी परीक्षा केली. मागचं दार उघडून ठेवलं, एका बाजूने जॅक लावून गाडी उचलली आणि मला दार लावायला सांगितलं. दार लागेना! दोन बोटं खाली उतरलं होतं. म्हणजे गाडी स्वतःच्याच वजनाने वाकत होती.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "डोकं शाबूत हाये बाई. पाय गेले."

तिसरा खर्च. मिस्त्रींनी आकडा सांगितला: फरशी, दोन्ही पेट्या, खालचे आडवे पट्टे नव्याने पत्रा वाकवून बनवायचे, मग डेंटिंग, रंग, वायरिंग, ब्रेक, टायर. कमीत कमी अडीच लाख, आणि उघडल्यावर आणखी किती निघेल याची हमी नाही. इतकं करून जी गाडी उभी राहील तिच्यात आबाजींची गाडी किती असेल? फरशी नवी, पेट्या नव्या, रंग नवा. आबाजींचं इंजिन एका नव्या डब्यात बसवल्यासारखं.

श्रीमंतांच्या जगात हा प्रश्न पैशाने सुटतो. फेरारी २५० जीटीओ नावाची गाडी १९६२ ते १९६४ या काळात फक्त ३६ बनली. रेसमधून निवृत्त झाल्यावर त्या सेकंडहँड गाड्या म्हणून किरकोळ भावात विकल्या गेल्या होत्या. त्यातलीच एक २०१८ साली अमेरिकेतल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. अशा गाडीचा चेसिस नंबर असलेला एक तुकडा जरी सापडला तरी लोक त्याभोवती अख्खी गाडी परत उभी करतात, कारण परवडतं. पद्मिनी मात्र हजारोंनी बनली, हजारोंनी मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी टॅक्सी म्हणून झिजली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, तेव्हा एक तरी टॅक्सी म्युझियममध्ये ठेवा अशी मागणी झाली. एक तरी! सगळ्या ठेवा असं कोणी म्हटलं नाही.

चौथी गोष्ट कागद, आणि ही सगळ्यात किचकट. गाडी अजून आबाजींच्या नावावर. मालक वारला की वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ते आमच्याकडे अकरा वर्षांचं भिजत घोंगडं. रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायचं. वीस वर्षांवरच्या मोटारीची रिन्युअल फी २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार रुपये झाली आहे. उशिराचा दंड वेगळा, ग्रीन टॅक्स वेगळा. व्हिंटेज म्हणून नोंदवावी म्हटलं तर २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांवरची पाहिजे, म्हणजे आमची २०३६ साली पात्र होणार. त्यातही गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, बॉडी-इंजिनात मोठा बदल चालत नाही, आणि नोंदणी झाली तरी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. थोडक्यात, अकरा वर्षं थांबलो तर पेट्या राहणार नाहीत, आणि पेट्या नव्या केल्या तर मूळ स्वरूप राहणार नाही!

याच दरम्यान एक व्यापारी घरी येऊन गेला. त्याने गाडी पाहिली सुद्धा नाही नीट. म्हणाला, "गाडीचे बावीस हजार. पन आरसी बुक आन् नंबरची पट्टी संगं द्यान, तं पस्तीस." बाबांनी विचारलं, कागदाचे तेरा हजार कशाचे? तो हसला. कोणाची तरी दुसरी पद्मिनी आहे, तिला कागद नाहीत. आमच्या मेलेल्या गाडीचा नंबर त्या गाडीला लावायचा, एवढंच. कोणाला पत्ता लागत नाही म्हणाला.

बाबा गप्प राहिले. तेरा हजार म्हणजे सोयाबीनच्या या वर्षीच्या भावात काय असतं ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. पण उद्या त्या दुसऱ्या गाडीने कोणाला उडवलं, तर कागदावर नाव कोणाचं निघणार? ज्या माणसाने त्या रोडवर लोकांना वाचवायला गाडी पळवली त्याचं! मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची. मी ते कलम बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "कलम राहू दे. बुढ्याचं नाव कोनाले इकू का मी?" व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आता उरलं काका. ते पुण्याहून दोन दिवसांसाठी आले तेव्हा मी त्यांना स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हटलं, "काका, तुम्हीच टोचा." त्यांनी टोचला. मग बराच वेळ ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिले, पाय त्या मॅटवर जपून ठेवून. गाडी चालवायला ते याच सीटवर शिकले होते. ते म्हणाले, "पैसे मी देतो ना. अडीच काय, तीन देतो."

हे ऐकून आजी ओसरीतून उठून आली. ती इतके दिवस एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "पैशाचं राहू दे. चालू झाली तं चालवन कोन?"

कोणी उत्तर दिलं नाही. काका वर्षातून दोनदा येतात. बाबांना स्टिअरिंगवरचा गिअर जमत नाही. मी हॉस्टेलवर. आणि गाडी न चालवता ठेवली की पुन्हा तेच: पेट्रोल सुकतं, रिंगा चिकटतात, ब्रेक धरून बसतात. रिस्टोअर केलेली गाडी म्हणजे घरात एक म्हातारं माणूस सांभाळण्यासारखं आहे. रोज कोणीतरी जवळ बसावं लागतं. नुसते पैसे पाठवून होत नाही.

मी दोन पानी रिपोर्ट लिहिला. अगदी जर्नलसारखा: निरीक्षण, गणित, निष्कर्ष. निष्कर्ष होता, गाडी खोलावी. पण भंगारात नाही.

कारण तोवर मिस्त्रींनी अमरावतीच्या एका रिटायर्ड मास्तरांची गाठ घालून दिली होती. त्यांच्याकडेही पद्मिनी आहे. बॉडी ठणठणीत, रोज शेडात पुसतात. पण मधल्या काळात पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात डिझेल इंजिन बसवलं होतं. त्या वेळी असं पुष्कळांनी केलं. आता त्यांना गाडी मूळची करायची आहे आणि इंजिन मिळत नाही. आमच्याकडे डोकं शाबूत, पाय गेलेले. त्यांच्याकडे पाय शाबूत. क्युबात म्हणे १९५० च्या सुमाराच्या अमेरिकन गाड्या आजही अशाच चालतात, एकीचं काढून दुसरीला लावून. अमेरिकेने पार्ट देणं बंद केलं म्हणून नाइलाजाने त्यांनी हे केलं, आणि त्यामुळेच त्या गाड्या जिवंत राहिल्या.

काकांना हे पटेना. "बाबांच्या गाडीचे तुकडे?" असं म्हणून ते अंगणात निघून गेले. आजी त्यांच्या मागे गेली. मी दारातून ऐकलं. ती म्हणाली, "त्याईनं सोताचे डोये देल्ले. तवा तूच सही केल्ती ना कागदावर?"

आबाजी गावोगावी नेत्रदानाचे फॉर्म भरून घेत. त्यांच्या अधू डोळ्यांचा कोणाला काय उपयोग असं लोक म्हणत, पण मोतीबिंदू झाला तरी बुबुळाचा पडदा चांगला असू शकतो, आणि तोच तर बसवतात. हे डॉक्टरला कोणी शिकवायचं? काका त्यानंतर वाद घालायला आले नाहीत. खुश झाले असंही नाही. पुण्याला जाताना माझ्या रिपोर्टवर त्यांनी 'वाचले' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली.

मग कामाला लागलो. आधी फॉर्म ३१ चं घोंगडं वाळवलं, गाडी आजीच्या नावावर केली. चेन पुलीने इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढले. मास्तरांना पावती दिली, तिच्यात इंजिन नंबर लिहिला, कारण गाडीत दुसरं इंजिन बसवायला आरटीओची परवानगी लागते. पुढची काच अभंग होती. ती, ग्रिल आणि दारांच्या मुठीही त्यांनी नेल्या. सगळे मिळून जे पैसे आले ते व्यापाऱ्याच्या बावीस हजारांपेक्षा जास्त आणि पस्तीसपेक्षा कमी. उरलेला सांगाडा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जायचा आहे, म्हणजे रजिस्ट्रेशन कायमचं रद्द होऊन कागद मिटेल. मास्तरांच्या परवानगीचा अर्ज अजून टेबलावरून टेबलावर फिरतोय. तोवर ते इंजिन त्यांच्या शेडात गोणपाट पांघरून बसलं आहे. ते चालू होईल याची खात्री मी देऊ शकत नाही. चौथ्या सिलिंडरचा दाब कमीच आहे.

मागची सीट मात्र आजीने कोणाला दिली नाही. ती ओसरीत ठेवली आहे. कृषी केंद्रवाला आला की मुद्दाम तिच्यावरच बसतो.

आपल्या सरांनी इंजिन लॅबसाठी मागितलं होतं, कट सेक्शन मॉडेल करायला. सर, तुमचं मन मोडलं याचं मला वाईट वाटतं, पण जे फिरू शकतं ते कापायला हात धजेना. त्याऐवजी मागचा अ‍ॅक्सल डिफरन्शियलसकट पाठवला आहे. मास्तरांकडे त्यांचा होताच. ऑटोमोबाइल लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला आहे. मित्रमैत्रिणींनो, व्हायवाच्या आधी जरूर जाऊन पाहा. पिनियन एका हाताने घट्ट धरा आणि एक बाजू पुढे फिरवा. दुसरी बाजू आपोआप मागे फिरते. पुस्तकात चार पानं वाचूनही जे कळत नाही, ते तिथे एका चकरेत कळतं. आणि हात काळे झाले तर माझ्या नावाने ओरडू नका, ते ग्रीस १९८६ पासूनचं आहे!